अपडेट बंद झालेला फोन : वापरत राहायचा, की पैशांपासून लांब ठेवायचा?

सह्यवेडा

मंडळी, सल्ला हवा आहे.

बाबांचा फोन २०१९ मधला. अँड्रॉइड १० वर येऊन थांबलाय. तसं फोनला काहीही झालेलं नाही. बॅटरी दिवसभर पुरते, काच शाबूत आहे, कॉल नीट लागतात. परवा सहज 'फोनविषयी' उघडलं, तर 'सुरक्षा पॅच'च्या (सुरक्षेच्या दुरुस्तीच्या) ओळीत २०२१ मधली तारीख दिसली. 'अपडेट तपासा' दाबलं की हिरव्या खुणेसकट उत्तर येतं, 'तुमचा फोन अद्ययावत आहे'. याचीच मला चीड आली. कंपनीने द्यायचं थांबवलं म्हणून नवीन काही येत नाही, हे सरळ लिहायला काय हरकत आहे? साठी-सत्तरीतला माणूस ती हिरवी खूण बघून निश्चिंत होतो.

याच फोनवर त्यांचं पेन्शनचं खातं आहे, यूपीआय आहे, तपासण्यांचे रिपोर्ट आहेत, आणि सगळे ओटीपी त्याच सिमवर येतात. माझं मत असं की अपडेट बंद झालेल्या फोनवरून पैशांचे व्यवहार करू नयेत. बाबा म्हणतात, "चालता फोन कशाला टाकायचा?" त्यांचंही म्हणणं मला पटतं.

तर धोका खरोखर किती आहे? नवीन न घेता काही करता येतं का? आणि घेतलाच तर काय बघून घ्यावा?

गवतीचहा

हिरवी खूण! अगदी अगदी. सासूबाई मलाच उलट दाखवतात, "हे बघ, अद्ययावत लिहिलंय."

वाचते आहे.

उसाचा_फड

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आमच्या पंचक्रोशीत ज्यांचे पैसे गेले ते सगळे बोलण्यात फसून गेले. केवायसी बंद होईल, आज रात्री वीज तोडू, आणि आता ते 'डिजिटल अटक'वाले. पॅच जुना होता म्हणून कुणाचं खातं रिकामं झालं असं मी तरी ऐकलं नाही. नवा कोरा फोन असला तरी ओटीपी सांगणारा सांगणारच. उगीच घाबरवून शेतकऱ्याच्या गळ्यात पंधरा हजारांचा फोन मारू नका. माझा जुनाच आहे, ई-पीक पाहणी त्यावरच केली.

कोकमसरबत

+१. आणि अ‍ॅप तर रोज अपडेट होतात की! प्ले स्टोअर बंद पडलेलं नाही. मग नेमकं काय बंद होतं?

रात्रपाळी

नोकरी याच क्षेत्रातली आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

@कोकमसरबत, बऱ्याच जणांचा घोळ इथेच होतो. फोनमधलं सॉफ्टवेअर एकाच ठिकाणाहून अपडेट होत नाही. अ‍ॅप प्ले स्टोअरवरून येतात. क्रोम आणि अ‍ॅपच्या आत वेबपान दाखवणारा वेबव्ह्यू हेही तिथूनच येतात. अँड्रॉइड १० पासून प्रणालीचे काही भाग 'गूगल प्ले सिस्टिम अपडेट' म्हणून परस्पर येऊ लागले. पण आधीच्या आवृत्तीवर विकून नंतर १० वर आणलेल्या फोनला ते मिळतीलच असं नाही. उरलेली मूळ प्रणाली, आणि चिपसोबत येणारं सॉफ्टवेअर, म्हणजे मोडेम (मोबाइल नेटवर्कशी जोडणारा भाग), ग्राफिक्स, वायफाय, ब्लूटूथ, हे फोन बनवणारी कंपनीच देऊ शकते. तिने हात वर केले की हा सगळा भाग जिथल्या तिथे गोठतो. वर अ‍ॅप रोज बदलत राहतात, म्हणून फोन जिवंत वाटतो.

आता @उसाचा_फड यांच्या मुद्द्याकडे. निरीक्षण बरोबर आहे. बोलण्यात फसवणं स्वस्त पडतं, म्हणून भामटे आधी तेच करतात. पण न ऐकलेला धोका नसतोच असं नाही.

२०१५ च्या जुलैमध्ये जोशुआ ड्रेक या संशोधकाने 'स्टेजफ्राइट' हा दोष उघड केला. व्हिडिओ वाचणाऱ्या लायब्ररीत तो होता. हल्लेखोराला फक्त फोन नंबर माहीत हवा, एक एमएमएस पाठवला की काम झालं. काही फोनवर मालकाने तो मेसेज उघडायचीही गरज नव्हती. तेव्हाच्या अंदाजानुसार सुमारे ९५ कोटी फोन त्या कक्षेत होते. त्यानंतर, ऑगस्ट २०१५ पासून, गूगल दर महिन्याला सुरक्षा पत्रक काढू लागलं. तुम्हाला दिसणारी 'सुरक्षा पॅच'ची तारीख म्हणजे फोनमध्ये कोणत्या महिन्यापर्यंतची दुरुस्ती पोचली आहे ती.

खरी गोम या पत्रकात आहे. ते सर्वांसाठी खुलं असतं. कुठे दोष होता, किती गंभीर होता, कोडमध्ये काय बदललं, हे सगळं वाचायला मिळतं. गावातल्या सगळ्या घरांची कुलपं बदलावीत, आणि जुनं कुलूप कसं उघडत होतं ते चावडीवर वाचून दाखवावं, तसं आहे हे. ज्याने कुलूप बदललं त्याला त्याचा फायदा. ज्याच्यापर्यंत नवीन कुलूप पोचलंच नाही, त्याच्या दाराची युक्ती मात्र जगजाहीर. २०२१ ला थांबलेल्या फोनच्या बाबतीत अशी कितीतरी पत्रकं निघून गेली आहेत. हल्लेखोराला नवीन दोष शोधायचे कष्टच नाहीत.

सर्वसामान्य माणसावर असे हल्ले रोज होतात का? नाही. महागडे दोष पत्रकार, वकील, राजकारणी यांच्या फोनसाठी राखून ठेवलेले असतात. पण वापरून जुने झालेले दोष हळूहळू स्वस्त होतात आणि साध्या चोरांपर्यंत पोचतात. अपडेट मिळणाऱ्या फोनवर तोवर ते निकामी झालेले असतात.

गवतीचहा

चावडीचं उदाहरण सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "मग मला आधी का नाही सांगितलं कुणी?"

कॅशकाउंटर

बँकेत आहे. शाखेचं नाव-गाव लिहीत नाही.

उसाचा_फड, तुम्ही म्हणता तसे ओटीपी सांगणारे येतात, पण गेल्या दोनेक वर्षांत वेगळीच तक्रार वाढली आहे. माणूस शपथेवर सांगतो, "मी कुणालाही ओटीपी दिला नाही," आणि तो खरं बोलत असतो. ओळखीच्या नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका येते. ती फोटो किंवा पीडीएफ नसते, एपीके असते, म्हणजे अ‍ॅप बसवणारी फाइल. कधी आरटीओचं चलन, कधी पीएम किसानची यादी. दाबली की अ‍ॅप बसतं, चिन्ह लपवतं आणि मेसेज वाचायची परवानगी मागतं. लग्नघरची पत्रिका म्हणून माणूस 'अनुमती द्या, अनुमती द्या' करत पुढे जातो. मग ओटीपी त्याच्या फोनवर येतो आणि चोराच्या फोनवर वाचला जातो.

असं झालं तर ताबडतोब १९३० ला (सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला) फोन करा, बँकेला कळवा, फोन नेटवरून काढा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्यानेच घुसखोरी केली, अशा वेळी बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भुर्दंड नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर मर्यादित भुर्दंड. त्यापुढे बँकेच्या धोरणावर. पण तुमच्या निष्काळजीपणाने गेलं असं ठरलं, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. 'उद्या बघू' करू नका, ही हात जोडून विनंती.

उसाचा_फड

कॅशकाउंटर ताई / दादा, माहिती उपयोगी, ग्रुपवर टाकतो. पण एपीके नव्या फोनवरही बसतंच ना? मग माझा मुद्दा कायम.

रात्रपाळी

बसतं, पण तितक्या सहज नाही. अँड्रॉइड ८ च्या आधी 'अनोळखी स्रोत' हे एकच बटण होतं. एकदा चालू केलं की कुठूनही काहीही बसवता यायचं, आणि लोक ते बंद करायला विसरायचे. ८ पासून प्रत्येक अ‍ॅपला वेगळी परवानगी लागू लागली. अँड्रॉइड १३ मध्ये, बाहेरून आलेल्या अ‍ॅपला 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' सुविधा आणि नोटिफिकेशन वाचण्याची परवानगी मिळणं अवघड केलं. तो पर्यायच राखाडी होतो आणि मुद्दाम आडवळणाने जाऊन उघडावा लागतो. अ‍ॅक्सेसिबिलिटी हातात आली की अ‍ॅप तुमची स्क्रीन वाचतं आणि तुमच्या वतीने बटणं दाबतं, म्हणून चोरांचा डोळा तिच्यावरच असतो.

प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक अ‍ॅप तपासणारी गूगलची सोय, जुन्या फोनवरही चालतं. ते बंद असेल तर आज चालू करा.

म्हणजे माणूस चुकणार हे गृहीत धरून नव्या आवृत्त्यांत अडथळे घातलेत. तुमच्या पंचक्रोशीत बोलण्यात फसणारे आहेत, तर या अडथळ्यांची गरज त्यांनाच सगळ्यात जास्त आहे.

उसाचा_फड

हे मान्य. शेवटचं वाक्य पटलं.

स्क्रूड्रायव्हर

सोलापुरात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. काउंटरच्या या बाजूनं काय दिसतं ते सांगतो.

गिऱ्हाईक येतं, "फोल्डर (म्हणजे डिस्प्ले) फुटलाय, बदलून द्या." फोन पाच-सहा वर्षं जुना. फोल्डर बदलायला हजार-दीड हजार, बॅटरी फुगायला आली असेल तर ती वेगळी, चार्जिंग पट्टी खराब असेल तर तीही. असं करत करत निम्म्या फोनाचे पैसे होतात. मी आता भाव सांगायच्या आधी फोन उघडून पॅचची तारीख बघतो आणि गिऱ्हाइकालाच वाचायला लावतो. तारीख तीन-चार वर्षं जुनी आणि फोनवर पैसे फिरत असतील तर सरळ सांगतो, काका, यात पैसे घालू नका. एक यंत्रमाग कामगार मला म्हणाला, "दुकानदार असून गिऱ्हाईक परत पाठवता?" पण पुढच्या महिन्यात बहिणीला घेऊन आला.

अजून एक. काही जण म्हणतात, "सॉफ्टवेअर मारून द्या, नवीन होईल." होत नाही. आम्ही जे फ्लॅश मारतो (फोनमध्ये परत भरतो) ते कंपनीचंच शेवटचं सॉफ्टवेअर असतं. अडकलेला फोन सुरू होतो, तारीख तीच राहते. आणि नेटवरून कुठूनही उतरवलेली फाइल मारणारे दुकानदारही आहेत, त्यांच्यापासून लांब राहा. त्या फाइलीत कुणी काय भरलंय कुणास ठाऊक.

कोकमसरबत

मग लिनिएजओएस? म्हणजे कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी टाकायचं स्वयंसेवकांनी बनवलेलं अँड्रॉइड. कॉलेजात असताना मी जुन्या फोनवर टाकलं होतं. नवीन अँड्रॉइड, दर महिन्याचे पॅच, फुकट. सह्यवेडा, बाबांचं मॉडेल त्यांच्या यादीत आहे का बघा ना.

रात्रपाळी

स्वतःसाठी, शिकण्यासाठी जरूर. मला स्वतःला तो प्रकल्प मनापासून आवडतो. पण बाबांच्या पैशांच्या फोनसाठी नको. बूटलोडर (फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं कुलूप) उघडावा लागतो, त्यामुळे फोन हातात पडलेल्याला आत शिरणं सोपं होतं. सॉफ्टवेअरशी छेडछाड झाली आहे का हे बघणारी गूगलची प्रामाणिकता तपासणी फोन पार करत नाही, म्हणून बरीच बँक-अ‍ॅप आणि यूपीआय अ‍ॅप उघडतच नाहीत. आणि मुख्य म्हणजे मोडेम आणि चिपचं बंदिस्त सॉफ्टवेअर लिनिएजच्या लोकांच्या हातात नसतं, ते जुनंच राहतं.

ते का महत्त्वाचं, याचं उदाहरण. मार्च २०२३ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या दोष शोधणाऱ्या गटाने सॅमसंगच्या एक्झिनॉस मोडेममधले १८ दोष जाहीर केले. त्यातले चार असे होते की फक्त फोन नंबर माहीत असला तर दुरून मोडेम ताब्यात घेता येत होता, मालकाने काहीही न करता. दुरुस्ती येईपर्यंत वायफाय कॉलिंग आणि व्हीओएलटीई (४जी वरून होणारे कॉल) बंद ठेवा असा सल्ला होता. आता व्हीओएलटीई बंद करून आपल्याकडे काही नेटवर्कवर बोलणार कसं?

आजोळ

विषय थोडा बाजूला जाईल, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझी आई अंगणवाडी सेविका. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभर सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते, बातम्या आठवत असतील. फोन तापायचे, लटकायचे, मेमरी अपुरी. आईच्या हातात तो फोन मी बघितलाय. एका बाळाचं वजन भरायला बसली की चक्र फिरत राहायचं, बाळ रडायला लागायचं, आणि ती स्वतःच्या खासगी फोनवर तेच परत भरायची. लोकांनी वेगाबद्दल बोललं, भत्त्याबद्दल बोललं. सुरक्षेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पण त्या फोनमध्ये कुणाच्या कुणाच्या पोरांची नावं, वजनं, त्यांच्या आयांचे आधार तपशील होते! सरकार जेव्हा एखाद्या कामासाठी हजारो फोन विकत घेतं, तेव्हा निविदेतच 'इतकी वर्षं सुरक्षा अपडेट' ही अट का नसावी? घरच्या फोनचं माणूस स्वतः बघेल. सेविकेला दिलेला फोन ती निवडत नाही.

सह्यवेडा

आजोळ, हे अजिबात विषयांतर नाही. खरं तर धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद आहे.

स्क्रूड्रायव्हर

+१०० आजोळ ताई. आईंना नमस्कार सांगा.

म्युनिकहून

इकडचं सांगतो. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नवीन नियम लागू झाला. एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षं सॉफ्टवेअर अपडेट मिळाले पाहिजेत. मोजणी विक्री *संपल्यापासून* आहे, हे लक्षात घ्या. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायद्याने निर्मात्याला सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत देणार ते जाहीर करावं लागतं. फोनच नाही, नेटला जोडणाऱ्या घरगुती वस्तूंनाही ते लागू आहे.

भारतात असा तारखेचा कायदा झाला पाहिजे असं मला फार वाटतं. बिस्किटाच्या पुड्यावर तारीख छापतात, तीस हजारांच्या फोनच्या खोक्यावर नाही.

दोनबोटे

आयफोन घ्या, विषय संपला.

केतकी_स

@दोनबोटे, विषय एवढ्यावर संपत नाही. आयफोनला अपडेट जास्त वर्षं मिळतात हे खरं. २०१३ च्या आयफोन ५एस ला जानेवारी २०२३ मध्ये सुरक्षा दुरुस्ती आली होती, कौतुकच आहे. पण तीही निवडक दुरुस्ती होती. नव्या आवृत्तीत बुजवलेलं सगळंच जुन्यात येत नाही. आणि सेकंडहँड बाजारात आयफोन ७ 'एकदम कंडिशन' म्हणून विकतात, त्याला आयओएस १६ मिळालंच नाही. नावावर जाऊ नका, तारखेवर जा.

माझा प्रश्न वेगळा आहे. आईच्या जुन्या टॅबवर (अँड्रॉइड ६) काही संकेतस्थळं उघडत नाहीत, 'कनेक्शन खाजगी नाही' येतं. तारीख-वेळ बरोबर आहे. हे त्यातलंच का?

रात्रपाळी

बहुतेक त्यातलंच. संकेतस्थळ खरं आहे की नाही हे फोन आपल्यातल्या मूळ प्रमाणपत्रांच्या यादीवरून ठरवतो. लेट्स एन्क्रिप्ट ही संकेतस्थळांना फुकट प्रमाणपत्र देणारी संस्था. तिचं मूळ प्रमाणपत्र ७.१.१ च्या आधीच्या अँड्रॉइडमध्ये नाही. त्यांनी जुन्या फोनसाठी काही वर्षं तात्पुरती सोय ठेवली होती, ती २०२४ मध्ये संपली. फायरफॉक्स स्वतःची यादी घेऊन येतो, त्यामुळे पूर्वी त्याने काम व्हायचं. तरी अँड्रॉइड ६ वर आता ब्राउझरही जुनाच राहणार. आणि त्या इशाऱ्यावर 'तरीही पुढे जा' दाबायची सवय आईंना लागू देऊ नका. खोट्या बँकेच्या पानावरही तोच इशारा येऊ शकतो.

ब्राउझरवरून आठवलं. क्रोमने ऑगस्ट २०२५ मधल्या १३९ आवृत्तीपासून अँड्रॉइड ८ आणि ९ सोडून दिले. १० ही आता सगळ्यात खालची पायरी. सह्यवेडा, बाबांचा फोन नेमका त्या पायरीवर उभा आहे.

नांदेडकर

फोन बदलला तर जुन्याचं काय करणार तेही लिहा रे कुणीतरी. आमच्या गल्लीत 'जुने मोबाइल द्या, डबे-बादली घ्या' ओरडत येतात. बायका ड्रॉवरमधले बंद फोन काढून देतात. ऑगस्ट २०२४ मध्ये तेलंगणात रामगुंडम पोलिसांनी असे गावोगावी फिरून हजारो फोन गोळा करणारे लोक पकडले. ते फोन सायबर टोळ्यांकडे जात होते.

स्क्रूड्रायव्हर

चांगलं आठवण केलंत. क्रम असा ठेवा. आधी नवीन फोनवर यूपीआय आणि बँक सुरू झाली याची खात्री करा. मग जुन्यातून गूगल खातं काढा, सिम आणि मेमरी कार्ड काढा, आणि मग रीसेट. खातं न काढता रीसेट मारला तर पुढच्याला फोन लॉक लागू शकतो आणि तो आमच्याकडे येऊन बसतो. फार जुना फोन, अँड्रॉइड ५ किंवा मागचा, असेल तर त्यात डेटा कूटबद्ध नसण्याची शक्यता असते, रीसेटनंतरही फोटो परत काढता येतात. तो बादलीवाल्याला देऊच नका. ई-कचरा केंद्रात द्या, नाहीतर बोर्ड तोडून घ्या. मी फुकट तोडून देतो.

गवतीचहा

सोलापूरला आले की बोर्ड तोडून आणि शेंगाचटणी घेऊन जाणार.

सह्यवेडा

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना अख्खा धागा वाचून दाखवला. चावडीपाशी थांबले, आजोळ यांच्या आईंच्या अंगणवाडीपाशी बराच वेळ थांबले. नवीन फोन घ्यायला तयार आहेत, पण दिवाळीनंतर, पेन्शनचा फरक आल्यावर. मधल्या दोन-अडीच महिन्यांत काय करू?

कॅशकाउंटर

१. पेन्शनचं खातं यूपीआयपासून सोडवा. दुसरं साधं बचत खातं उघडून त्यात महिन्याच्या खर्चापुरते पैसे ठेवा आणि यूपीआयला तेच जोडा.
२. बँकेच्या अ‍ॅपमधून दिवसाची मर्यादा कमी करा.
३. पेन्शन खात्याला जोडलेला मोबाइल नंबर तुमच्या घरात अपडेट मिळणाऱ्या दुसऱ्या फोनमधल्या सिमवर घेता आला तर बघा. नाही जमलं तर पेन्शन खात्याचं सिम साध्या बटणाच्या फोनमध्ये घाला. तिथे ओटीपी वाचणारं अ‍ॅप बसत नाही.

रात्रपाळी

यात थोडी भर. नको असलेले सगळे अ‍ॅप काढा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. ब्लूटूथ लागेल तेव्हाच. स्टेशनवरचं फुकट वायफाय नको. बाबांच्या फोनच्या 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' यादीत आत्ता कुणाकुणाला परवानगी आहे ते आजच बघा, आणि ओळखीचं नसेल ते बंद करा. हे सगळं करून धोका कमी होतो, तारीख पुढे जात नाही. दिवाळीची पुढे होळी होऊ देऊ नका.

आणि घेताना : जाहिरातीत '४ + ५' असं काही लिहिलेलं असतं, त्यात पहिला आकडा नव्या अँड्रॉइडचा, दुसरा सुरक्षा अपडेटच्या वर्षांचा. तुम्हाला दुसरा बघायचाय. ही वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. सेलमध्ये दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल स्वस्त दिसतं, कारण त्यातली दोन वर्षं संपलेली असतात. पिक्सेल ८ पासून आणि गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांचं आश्वासन आहे, पण ते महाग फोन आहेत. बाबांना तेवढा नको. मधल्या किमतीत चार ते सहा वर्षं देणारे आता मिळतात. दुकानातल्या पोराच्या तोंडी शब्दावर घेऊ नका, कंपनीच्या पानावर मॉडेलचं नाव शोधा. 'एंड ऑफ लाइफ डॉट डेट' नावाच्या संकेतस्थळावर बऱ्याच मॉडेलच्या तारखा एकत्र मिळतात.

उसाचा_फड

शेवटी मीही तारीख बघितली. मार्च २०२२. घरात दोन फोन आहेत, कारखान्याचं बिल जमा होतं ते खातं आज मुलाच्या फोनवर हलवतो. ई-पीक पाहणी जुन्यावरच करणार, बांधावर चिखलात नवीन फोन न्यायचा नाही.

रात्रपाळी

एकदम बरोबर वाटणी, दादा.

दोनबोटे

एक शंका. टीव्हीला लावायचा अँड्रॉइड बॉक्स घेतलाय, दोन हजारांचा, कंपनीचं नाव कुठेच नाही. त्यालाही हे लागू का?

रात्रपाळी

लागू, आणि फोनपेक्षा वाईट. 'बॅडबॉक्स २.०' शोधा. जून २०२५ मध्ये एफबीआयने त्यावर इशारा दिलाय. अशा बिननावाच्या काही बॉक्समध्ये कारखान्यातूनच घुसखोर सॉफ्टवेअर भरून येतं आणि तुमच्या घरच्या नेटवरून दुसऱ्यांचे उद्योग चालतात. आत्ता त्याची नेट जोडणी काढा, त्यावर गूगल खातं टाकलं असेल तर पासवर्ड बदला, आणि वेगळा धागा काढा. तिकडे लिहितो.